भायखळा की परळ?

रायगडच्या किनाऱ्यावरची, नव्याने डॉक्टर झालेली मुले-मुली हल्ली दरवर्षी एक प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. एम.बी.बी.एस. पूर्ण झालेले असते, नीट-पीजीत क्रमांक बरा आलेला असतो आणि पसंतिक्रम भरायला दोन-चार दिवस उरलेले असतात. विषय ठरलेला असतो : एम.डी. पॅथॉलॉजी, मराठीत विकृतिशास्त्र. अडते ते पहिल्या ओळीवर. तिथे काय लिहायचे? भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय, की परळचे शेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि के. ई. एम.? "काका, दोन्ही मोठीच आहेत. मग फरक काय?" असे ती विचारतात.

वसतिगृह कसे आहे, कामाचे तास किती, वरचे रेसिडेंट सांभाळून घेतात का, हे त्यांना त्यांच्या आधीच्या तुकडीतली मुले माझ्यापेक्षा नीट सांगतात. मी अलिबागेत एक लहानशी लॅब चालवणारा माणूस. गेली काही वर्षे मात्र या दोन संस्थांतल्या पॅथॉलॉजीचा इतिहास जमवत आलो आहे, आणि माझी अशी खात्री होत गेली आहे की या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या इतिहासात आहे. पॅथॉलॉजीचा विभाग घडतो तो त्याच्या टेबलावर काय येते त्यावर. कुठले मृतदेह, कुठल्या गाठी, कुणाचे रक्त; आणि ते पाहताना तिथले शिक्षक कोणता प्रश्न विचारतात. जे. जे. आणि के. ई. एम. यांच्यामध्ये अंतर आहे चार-पाच किलोमीटरचे. दोन टेबलांवरचे प्रश्न मात्र बराच काळ वेगळे होते.

पर्याय नव्हता तेव्हा

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते ते गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ सालीच वारले होते. शेजारचे रुग्णालय सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिले. १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली, डॉ. भाऊ दाजी लाड हे तिच्यातले. पुढची पाऊणशे वर्षे मुंबई इलाख्यातल्या मुलाला पाश्चात्त्य वैद्यकाची पूर्ण पदवी हवी असेल तर भायखळ्यालाच जावे लागे. कुलाबा जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या रायगडातला विद्यार्थी होडीने किंवा बोटीने खाडी ओलांडायचा, धक्क्यावर उतरायचा आणि जे. जे.ची वाट धरायचा. रुग्णही त्याच वाटेने जात. निवड करण्याचा प्रश्नच नव्हता.

या काळात तिथल्या टेबलावर काय आले, याची दोन ठळक उदाहरणे आहेत. पहिले हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांचे. 'ग्रेज अॅनाटॉमी' हा १८५८ सालचा ग्रंथ जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी ओळखतात. त्यातली चित्रे काढणारा हा माणूस त्याच वर्षी इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून मुंबईत आला आणि ग्रँट कॉलेजात शरीररचना व शरीरक्रिया शिकवू लागला. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायाला होणाऱ्या मायसेटोमा या बुरशीजन्य रोगावर त्याने १८७४ साली ग्रंथ लिहिला. पुढे १८७७ च्या दुष्काळात हजारो उपाशी माणसे मुंबईच्या आसऱ्याला आली आणि त्यांच्यात उलटून उलटून येणारा ताप पसरला. कार्टरने त्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात नागमोडी जंतू दाखवून दिला. जंतुशास्त्र युरोपातही अजून बाळसे धरत होते, त्या काळातली ही गोष्ट.

दुसरे उदाहरण प्लेगचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरात वॉल्डेमार हाफकिन मुंबईला आले. त्यांना ग्रँट कॉलेजच्या फ्रामजी दिनशा पेटिट प्रयोगशाळेत एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या सामग्रीवर त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

दोन्ही प्रसंगांत भायखळ्याच्या टेबलावर आले ते बाहेरून शहरात शिरलेले संकट. बंदर, दुष्काळ, साथ, तुरुंग. त्या टेबलाचा प्रश्न होता : हे काय आले आहे? नव्या रोगाला ओळखण्याची, त्याचा जंतू पकडण्याची ती परंपरा. पण टेबलाशी बसलेला माणूस बहुधा सरकारी चाकरीतला गोरा अधिकारी असे. इंडियन मेडिकल सर्व्हिसची स्पर्धा परीक्षा १८५५ पासून हिंदी उमेदवारांना खुली होती, पण ती लंडनला होत असे. त्यामुळे प्राध्यापकाची खुर्ची बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच राहिली. हिंदी डॉक्टर हाताखाली काम करी. प्रश्न कोणता विचारायचा, हे ठरवायची जागा त्याची नव्हती.

परळची अट

१९२६ साली परळला के. ई. एम. रुग्णालय आणि शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि चित्र बदलले. रुग्णालय महानगरपालिकेचे होते. शेठ गोर्धनदासांच्या देणगीच्या विश्वस्तांनी कॉलेजसाठी पैसे देताना एक अट घातली होती : इथले अध्यापक पूर्ण पात्रतेचे, स्वतंत्र हिंदी डॉक्टर असावेत, सरकारी नोकरीतले नसावेत. आज ही अट वाचताना साधी वाटते. त्या काळी ती संस्थेच्या पायातच रोवलेली राजकीय भूमिका होती. पुढे मुंबई राज्यात मंत्री आणि नंतर गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले डॉ. जीवराज मेहता हे या कॉलेजचे पहिले अधिष्ठाता.

आमच्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे नाव आहे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे. त्यांचा जन्म १८९५ सालचा, गोमंतकीय मराठा कुटुंबातला. १९२३ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतली एम.डी. घेतली. परत आल्यावर आधी ग्रँट कॉलेजात आणि मग जी. एस.मध्ये ते पॅथॉलॉजीचे प्राध्यापक होते. माझ्याकडे येणारी मुले ज्या दोन नावांपुढे अडतात, ती दोन्ही खानोलकरांच्या आयुष्यात एकापाठोपाठ येऊन गेली. भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९४९ साली देशातल्या पॅथॉलॉजिस्टांची संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्या संस्थापकांत ते अग्रभागी होते.

परळच्या टेबलावर काय येत होते? भोवती गिरणगाव. बारा-बारा तास सुतात आणि वाफेत काढणारी माणसे, त्यांच्या चाळी, त्यांच्या खाणावळी. यांतली फार मोठी संख्या कोकणातली. सर्वाधिक रत्नागिरीची, पण आमच्या महाड, पोलादपूर, माणगाव, म्हसळ्याकडचीही. म्हणजे मुंबईत कोकणी माणसाची दोन दवाखान्यांत विभागणी झाली होती असे म्हटले तरी चालेल. किनाऱ्यावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरणारा कोळी किंवा आगरी रुग्ण जवळच्या जे. जे.ला जाई, गिरणीत कामाला लागलेला त्याचा तळकोकणातला भाऊबंद के. ई. एम.च्या रांगेत उभा राही. हे रुग्ण कुठून अचानक आलेले नव्हते. ते वर्षानुवर्षे त्याच चाळीत राहत, तेच खात, तेच चघळत. अशा टेबलावरचा प्रश्न बदलतो. हे काय आले आहे, याऐवजी तो होतो : ही माणसे कशी जगतात?

तोंडातला पुरावा

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी के. ई. एम.च्या शेजारीच टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले आणि खानोलकर तिथे प्रयोगशाळा व संशोधनाचे संचालक म्हणून गेले. परळातून परळातच. पण टेबल पुन्हा बदलले. आता त्यावर देशभरच्या गाठी येऊ लागल्या.

१९४४ साली त्यांचा मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा 'कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकात आला. पुढच्या वर्षी डॉ. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी सवयींशी निगडित कर्करोगांवर निबंध लिहिला. धोतर किंवा लुगडे वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट आवळले की तिथल्या कातडीवर वळ पडतो, ती काळवंडते, आणि क्वचित त्याच रेषेवर कर्करोग होतो. 'धोती कॅन्सर' हे नाव तिथून जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेले. खालच्या ओठामागे खैनी धरून ठेवणाऱ्यांना नेमक्या त्या जागी होणारा कर्करोगही त्यांनी वेगळा काढून दाखवला.

स्लाइड पाहणाऱ्याला तिच्यात फक्त पेशी दिसतात. केंद्रक मोठे झाले आहे का, पेशी तळपटल फोडून खाली उतरल्या आहेत का, एवढे ती सांगते. त्या गालात सुपारी कोणत्या बाजूला धरली जायची, हे स्लाइड सांगत नाही. ते विचारावे लागते. खानोलकरांनी ते विचारले आणि उत्तरे दख्खनी, गुजराती, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती अशी समाजवार मांडली. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग पुढे होता, हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा. एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्या माणसांत असा फरक पडतो, तर कारण रीतीभातीत शोधायला हवे, हा त्यांचा रोख होता.

आम्हा किनाऱ्यावरच्यांना हा इतिहास परका नाही. श्रीवर्धनची रोठा सुपारी बाजारात नावाजलेली. आमच्या वाड्यांत नारळाच्या सावलीत पोफळी उभ्या असतात आणि कित्येक घरांची दिवाळी त्या सुपारीवर होते. तीच सुपारी, पुढे तंबाखू-चुन्यासकट गालात दाबून ठेवली की माझ्या टेबलावर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक म्हटले. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तरीही तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही असे तरुण आणि मिश्री लावणाऱ्या वयस्क बायका यांच्या गालाचे तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत येतच असतात. सोबतच्या चिठ्ठीवर वय, लिंग आणि 'गालावर जखम' एवढेच असते. काय खाता, कधीपासून, कोणत्या बाजूला, हे फोन करून विचारायची सवय मला ज्या परंपरेने लावली, तिचे मूळ परळच्या त्या १९४४ च्या निबंधात आहे.

रक्त आणि मज्जातंतू

१९५२ साली के. ई. एम.मध्ये आणखी एक गोष्ट घडली. रक्त द्यायचे म्हणून काही रुग्णांचा गट तपासला तर तो 'ओ'सारखा दिसे. पण 'ओ' गटाचे रक्त जुळवून पाहिले की तेही जुळेना. कुठल्याच दात्याचे जुळेना. डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याचा पाठपुरावा केला आणि 'लॅन्सेट'मध्ये नवा रक्तगट नोंदवला. या माणसांच्या तांबड्या पेशींवर 'ओ' गटाच्या माणसातही असणारा एच हा मूळ पदार्थच नसतो. म्हणून त्यांना फक्त आपल्यासारख्याचेच रक्त चालते. जग त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणते. भारतात साधारण दहा हजारांत एकाला तो सापडतो. रक्तपेढीत रात्रपाळीला बसून शेकडो नमुने जुळवण्याचे काम रेसिडेंट कंटाळून करतात. हा शोध त्याच कामातून लागला. जुळत नाही तेव्हा 'चुकले असेल' म्हणून बाटली बाजूला न ठेवता कुणीतरी पुन्हा तपासले, एवढेच.

मग भायखळ्याचे काय? तो विभाग मागे पडला होता का? मुळीच नाही. कुष्ठरोगाचे उदाहरण घेऊ, कारण त्यात दोन्ही टेबले शेजारी ठेवून पाहता येतात. परळात खानोलकरांनी कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे सूक्ष्मदर्शकीय निरीक्षण केले. कातडीतल्या बारीक मज्जातंतूंशी जंतूंचे काय नाते आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले आणि १९५१ साली त्यावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. भायखळ्याला डॉ. दाराब दस्तूर यांनी मेंदू आणि मज्जातंतूंच्या पॅथॉलॉजीचे केंद्र उभे केले आणि त्याच रोगातला मज्जातंतू आतून कसा बिघडतो, हे पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापर्यंत नेऊन तपासले. एक रोग, दोन प्रश्न. जे. जे. सरकारी, राज्यभरातून गुंतागुंतीचे रुग्ण तिथे पाठवले जात. मुंबईच्या कोरोनरचे न्यायालयही १९९९ पर्यंत त्याच आवारात होते. पोलिसांचे शवविच्छेदन आणि पॅथॉलॉजीचे शवविच्छेदन या वेगळ्या गोष्टी, पण मृत्यूचे कारण उघडून पाहायचे असते, ही सवय त्या आवाराच्या अंगी मुरलेली होती.

निवड कोणाची होती?

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. १९२६ नंतर मुंबईत दोन दारे उघडली, पण विद्यार्थी दारापुढे उभा राहून पसंती करत होता असे नाही. जिथून एम.बी.बी.एस. केले, तिथेच बहुधा पुढची जागा मिळे. संस्थेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य होते. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदीप जैन खटल्यात या प्राधान्याला निम्म्या जागांची मर्यादा घातली आणि गुणवत्तेवर खुल्या जागा हव्यात असे सांगितले. त्यातून अखिल भारतीय कोटा आला, पुढे तो वाढला, आणि मग देशभर एकच परीक्षा आली. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातले रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले.

म्हणजे रेवदंड्याच्या किंवा मुरुडच्या मुलीने घरी बसून जे. जे. वर लिहू की के. ई. एम. असा विचार करावा, ही गोष्टच नवी आहे. पण याच काळात दोन टेबलांमधला फरक पुसट होत गेला. गिरण्या बंद पडल्या. शवविच्छेदने जगभर कमी झाली; स्कॅन आणि सुईने काढलेले तुकडे यांनी निदान जिवंतपणीच होऊ लागले. दोन्हीकडे अभ्यासक्रम एकच, तीन वर्षे. हिस्टोपॅथॉलॉजी, सायटोलॉजी, रक्तशास्त्र, रक्तपेढी आणि एक प्रबंध. निवडीचे स्वातंत्र्य मिळाले तेव्हा निवडायचे काय, हेच दिसेनासे झाले. म्हणून मुले वसतिगृहाची चौकशी करतात. त्यांना मी दोष देत नाही.

खाडीच्या अलीकडे

१९०४ साली कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला आली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्या धावू लागल्या की नाजूक उपकरणांना शांतता मिळणार नव्हती. शंभर वर्षांनी जवळपास तशीच गोष्ट आमच्या क्षेत्रात घडली. खानोलकरांच्या पुढाकाराने १९५२ साली परळला कर्करोग संशोधन केंद्र निघाले होते. जागा अपुरी पडू लागली तेव्हा २००२ साली ते खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात हलले. तिथल्या संशोधनाच्या इमारतीचे नाव 'खानोलकर शोधिका' आहे. २०२१ साली अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ज्या किनाऱ्यावरून १८४५ पासून विद्यार्थी, रुग्ण आणि बाटलीतले तुकडे सगळेच पलीकडे जात होते, तिथे आता पॅथॉलॉजी शिकवणारी माणसे हवी आहेत.

माझ्या दृष्टीने खरे पणाला लागलेले आहे ते हे. भायखळा किंवा परळ, दोन्हीकडे तीन वर्षांत उत्तम निदान करायला शिकता येईल. पण नंतर अलिबाग, रोहा, श्रीवर्धन अशा ठिकाणी बसणारा पॅथॉलॉजिस्ट एकटा असतो. दुहेरी सूक्ष्मदर्शकाच्या समोरच्या डोळ्याला कोणी नसते. "सर, जरा बघता का?" म्हणायला शेजारची खोली नसते. त्या एकटेपणात उपयोगी पडतो तो शिकताना अंगवळणी पडलेला प्रश्न.

म्हणून विचारायला आलेल्यांना मी तीन गोष्टींची चौकशी करून यायला सांगतो. गेल्या वर्षभरात त्या विभागाने किती मृतदेह पॅथॉलॉजीसाठी उघडले? रेसिडेंटबरोबर त्याच स्लाइडवर प्राध्यापक रोज किती वेळ बसतात? आणि कापायला आलेल्या गाठीमागचा माणूस कोण, हे तिथे कोणी विचारते का? दोन्ही आवारांत जुन्या नमुन्यांचे संग्रहालय आहे. तिथे तासभर फिरून या, असेही सांगतो. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या की त्या विभागाला कशाचे कुतूहल होते ते कळते.

यंदा विचारायला आलेल्यांपैकी एकीने परत येऊन सांगितले की संग्रहालयातल्या एका जबड्याच्या बरणीपुढे ती बराच वेळ उभी होती. तिच्या आजीचा गाल तसाच होता. कोणते कॉलेज पहिल्या ओळीवर लिहिले ते तिने सांगितले, पण मी इथे लिहीत नाही. कारण वाचणारे तेवढेच उचलतील. तिचा प्रबंधाचा विषय मात्र प्रवेशाआधीच ठरला आहे.